आधी करार, मग यंत्र

कर्मचाऱ्यांचा एआयला होणारा विरोध कसा मोडून काढायचा, हा प्रश्न हल्ली कंपन्यांच्या बैठकांत सर्रास विचारला जातो. त्यासाठी सल्लागार बोलावले जातात, शनिवारी शिबिरे भरतात, लिफ्टशेजारी ‘बदलाचे स्वागत करा’ असे फलक लागतात. मी सरकारी बँकेत कारकून म्हणून लागले, कारकून म्हणूनच निवृत्त झाले आणि मधली बरीच वर्षे शाखेत कर्मचारी संघटनेची प्रतिनिधी होते. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी आमच्याबद्दल विचारला जात होता. आमचा विरोध कोणी मोडला नाही. आमच्याशी करार झाला, कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि त्यानंतर संगणक बँकेत आला तो कायमचा. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते. विरोध करणारा माणूस काहीतरी मागत असतो. काय मागतो ते त्याला विचारा, त्यातले जे न्याय्य असेल ते लिहून द्या आणि मग यंत्र आणा.

मी वर्तकनगरची. म्हाडाच्या वसाहतीत वाढले, लग्नानंतरही जवळच राहिले. वडील रेमंडमध्ये होते. पोखरण रोडच्या या पट्ट्यात घरोघरी कोणी ना कोणी रेमंडमध्ये, कॅडबरीत, व्होल्टासमध्ये नाहीतर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये असायचे. रेमंडचा ठाण्याचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. त्या जमिनीवर आता निवासी मनोरे आहेत. जुन्या कामगारांची मुले-नातवंडे विम्याचे दावे तपासतात, परदेशी कंपन्यांचे हिशेब ठेवतात, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतात, सॉफ्टवेअर लिहितात. सकाळी नाक्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवून ही पोरे वागळेकडे, घोडबंदरकडे, ऐरोलीकडे जायला रिक्षा शोधत असतात. एक दिवस काम संपते आणि माणसाच्या हातात एक रक्कम ठेवली जाते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेले आहे. त्यांच्या भीतीला ‘नकारात्मक मानसिकता’ म्हणणे मला मुळीच पटत नाही. ती भीती अनुभवाची आहे.

आमच्या इमारतीतली एक मुलगी वागळे इस्टेटमध्ये आरोग्यविम्याचे दावे तपासते. मुलगी म्हणते खरी, तिची स्वतःची लेक आता तिसरीत आहे. रुग्णालयातून डिस्चार्ज कार्ड, बिले, तपासण्यांचे रिपोर्ट स्कॅन होऊन येतात. ते वाचायचे, आजार कोणता, खर्च कशावर झाला, पॉलिसीत काय बसते ते पाहायचे, शंका असेल तर ‘क्वेरी’ लावायची आणि मंजुरीसाठी पुढे पाठवायचे, असे तिचे काम. मध्यंतरी तिच्या कचेरीत एआयचे साधन आले. आता कागद आधी ते वाचते, रकाने भरते, मंजूर की शंकास्पद असा शेराही सुचवते. तिने फक्त ‘तपासायचे’.

या साधनाबद्दल तिची पहिली प्रतिक्रिया तक्रारीची नव्हती. औषधांच्या दुकानाची तीन-तीन पानी छापील बिले ते झटक्यात वाचते. पूर्वी त्या बारीक ओळींवर बोट फिरवून बेरजा करताना तिचे डोळे चुरचुरायचे. विमा नियामकाने २०२४ मध्ये नियम केला की रोकडविरहित उपचारांच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. रुग्णाच्या दृष्टीने हा नियम फार चांगला आहे. बिल मंजूर होईना म्हणून बरा झालेला माणूस संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. एवढ्या वेळात एवढे दावे उरकायचे तर यंत्राची मदत लागणारच, हे ती मान्य करते.

मग गाडी अडली कुठे? तिने सांगितलेला एक दावा सविस्तर सांगते, कारण सगळा विषय त्यात आहे.

कल्याणच्या एका छोट्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड होते. गृहस्थ साठीचे, अँजिओप्लास्टी झालेली. कार्डावर पूर्वीच्या आजारांच्या ओळीत हाताने लिहिलेले: डीएम, म्हणजे मधुमेह, पुढे एक तिरकी रेघ आणि मग २ वर्षे. साधनाने ती रेघ एक या आकड्यासारखी वाचली आणि रकान्यात भरले, मधुमेह १२ वर्षे. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. दोन वर्षांचा मधुमेह म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर जडलेला. बारा वर्षांचा म्हणजे पॉलिसी घेताना लपवलेला. साधनाने शेरा सुचवला, पूर्वीचा आजार उघड केलेला नाही, शंकास्पद. नुसते बटण दाबले असते तर त्या माणसावर लबाडीचा शिक्का बसला असता आणि दीड-दोन लाखांच्या बिलाखाली ते कुटुंब दबले असते.

मला ती म्हणाली, “काकू, त्या हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर तशीच रेघ मारतात. बीपीच्या पुढेही तशीच, थायरॉइडच्या पुढेही तशीच. मी त्यांची कार्डे किती वर्षे वाचतेय!” तिने रुग्णालयात फोन लावला, जुनी औषधांची चिठ्ठी मागवली, खात्री केली आणि १२ चे २ केले. त्यात वेळ गेला. साधनाच्या नोंदीत तो ‘माणसाने फिरवलेला निर्णय’ म्हणून जमा झाला. महिनाअखेर आलेल्या तक्त्यात असे फिरवलेले निर्णय जास्त आणि दर दाव्यामागे लागलेला वेळ जास्त म्हणून तिचे नाव खाली गेले. टीम लीडरने बोलावून विचारले, तुझा एआयला विरोध आहे का?

हा प्रश्न चुकीचा आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. पुढच्या महिन्यात तिच्या मनात काय येईल? फोन कशाला लावा, सुचवलेला शेरा जाऊ द्या. तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघी तसे करू लागल्याच आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, विरोध संपला, साधन रुजले, आलेख वर गेला. खरे तर त्या टेबलावरचे शहाणपण संपले. कंपनीला हे कळणार केव्हा, तर कोणीतरी विमा लोकपालाकडे जाईल तेव्हा. आणि जे लोकपालाकडे जात नाहीत, मुकाट्याने दागिने मोडतात, त्यांचे तर कधीच कळणार नाही.

ज्याला व्यवस्थापन विरोध म्हणते त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. नोकरी जाण्याची भीती असते. कामाचा अभिमान असतो. चूक झाली तर माझ्या नावावर खपवतील, ही शंका असते. आणि बऱ्याचदा यंत्र नेमके कुठे चुकते याची पक्की माहिती असते. ही शेवटची गोष्ट कंपनीला विकत घेऊनही मिळणार नाही. ती फुकट मिळत असताना तिला तक्त्यात तळाला ढकलणे हा शुद्ध तोटा आहे.

आता आमचे सांगते.

आमच्या शाखेत हाताने लिहायची लेजरे होती. एकेक लेजर उचलायला दोन हात लागत. ग्राहकाने पैसे भरले की व्हाउचर, व्हाउचरावरून लेजरात नोंद, लेजरावरून पासबुकात. महिन्याचे बॅलन्सिंग म्हणजे प्रत्येक खात्यातली शिल्लक उतरवून काढायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. जुळली नाही की फरक शोधायचा. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असायची, ५४ चे ४५ नाहीतर ८१ चे १८. ही खूण मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पहिल्या महिन्यात शिकवली. सहामाही व्याज तर जीव काढायचे. बचत खात्यावर दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर व्याज द्यायचे, म्हणजे प्रत्येक खात्याचे प्रत्येक महिन्याचे पान डोळ्यांखालून घालायचे. हे रोजच्या शिलकीवर व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला, आणि ते शक्य झाले संगणकामुळेच. सामान्य खातेदाराला त्याचा फायदा झाला. संगणकाचे हे श्रेय नाकारणारी मी नाही.

पण संगणक येणार हे कळले तेव्हा आम्ही विरोध केला, आणि त्यामागे कारणे होती. बँकांच्या आधी विम्यात हा झगडा झाला होता. साठीच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला होता. हा प्रश्न इतका पेटला की केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ मध्ये. कारकुनाच्या टेबलावर यंत्र ठेवावे की नाही हा प्रश्न देशाने तेव्हा समिती नेमण्याइतका गंभीर मानला. आज त्याच्या कितीतरी पट मोठा बदल एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी ईमेल पाठवून लागू होतो.

आमच्याकडे द्वारसभा झाल्या, काळ्या फिती लागल्या. त्याच वेळी वरच्या पातळीवर वाटाघाटी चालू होत्या. ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढे सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, १९८७ मध्ये आणखी एक करार झाला, १९९३ मध्ये त्याच्याही पुढचा. एकदम सगळे नाही, टप्प्याटप्प्याने. कोणती यंत्रे, कोणत्या कामाला, कुठे, हे ठरले. यंत्रामुळे कोणाची नोकरी जाणार नाही हे ठरले. यंत्र चालवणाऱ्या कारकुनाला विशेष भत्ता मिळेल हे ठरले. शाखेत आले ते लेजर पोस्टिंग मशीन. ते एकटे उभे असायचे, दुसऱ्या कोणत्या यंत्राशी जोडलेले नसायचे.

कराराचा परिणाम मी शाखेत डोळ्यांनी पाहिला. ज्या यंत्राविरुद्ध आम्ही दारात घोषणा दिल्या होत्या, त्यावर बसायला मिळावे म्हणून ज्येष्ठता यादीवरून वाद सुरू झाले. पंधरा दिवसांपूर्वी यंत्राला हात लावणार नाही म्हणणारे गृहस्थ माझ्याकडे अर्ज घेऊन आले, माझा नंबर डावलला म्हणून. लोकांचा स्वभाव काही पंधरा दिवसांत बदलला नव्हता, बदलली होती ती नोकरीची हमी. शिवाय प्रशिक्षणाला बँक आम्हाला कामाच्या दिवशी, पगारी, प्रवासखर्च देऊन पाठवायची. आमच्यातल्या बायका घरची सगळी सोय लावून, वह्या-पेन घेऊन शाळेतल्यासारख्या बसायच्या. पन्नाशीच्या एका सहकारी बाईंनी तिथे आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला आणि परत आल्यावर शाखेतल्या सगळ्यांना शिकवले.

आज शेजारच्या त्या मुलीला प्रशिक्षण कसे मिळते? रात्री मोबाइलवर लिंक येते, व्हिडिओ पाहायचा आणि शेवटी दहा प्रश्नांची चाचणी द्यायची. लेकीचा अभ्यास, उद्याच्या डब्याची तयारी आणि सासूबाईंची औषधे आटोपून ती साडेदहाला स्वयंपाकघरात उभ्याने ते व्हिडिओ बघते. चाचणी दिली नाही की नाव लाल रंगात. ज्या कंपनीला हे साधन एवढे मोलाचे वाटते तिला ते शिकवण्यासाठी कामाच्या वेळेतले चार तास देता येऊ नयेत, याचा मला राग येतो.

आमच्या बँकांच्या कराराचे मी गोडवे गात असले तरी त्याला एक मोठी खोट होती आणि तीही सांगायला हवी. करारात जे आत होते त्यांची काळजी घेतली गेली. जे अजून यायचे होते त्यांच्या वतीने त्या टेबलावर कोणीच बसलेले नव्हते. नव्वदीच्या दशकात कारकुनांची भरती आटत गेली. २००० मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सुमारे एक लाख बँक कर्मचारी तिच्यातून बाहेर पडले. २००१ मध्ये बँकांची भरती करणारी बीएसआरबी मंडळेच बंद झाली. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या मध्यमवर्गीय घरांत बँकेची परीक्षा हा मुलामुलींचा राजमार्ग होता. माझ्यानंतरच्या एका अख्ख्या पिढीसाठी तो बंद झाला. कोणाला काढले नाही म्हणून कोणी ओरडले नाही. न झालेल्या भरतीविरुद्ध द्वारसभा होत नसते.

आपल्या मुलुखात हा वाद संगणकाच्याही आधीचा आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत दीड लाख कामगार सहा महिने संपावर गेले, त्यामागचे एक मोठे कारण ‘रॅशनलायझेशन’ हेच होते. साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, सूत काढणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन. मालकांचे म्हणणे होते, कार्यक्षमता वाढेल. कामगारांचे म्हणणे होते, मग बाकीच्यांनी जायचे कुठे, आणि वाढलेल्या उत्पन्नात आमचा वाटा किती? सुमारे शंभर वर्षांनी त्या मुलीच्या कचेरीतला प्रश्न यापेक्षा फारसा वेगळा नाही. साधन आल्यावर रोजच्या दाव्यांचे टार्गेट वाढले. पगार तोच. घरी निघायची वेळ तीच. वाचलेला वेळ गेला कुठे, हे तिने विचारले तर त्याला विरोध म्हणायचे का?

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार असल्याचे जाहीर केले. कारण एआय नसून कौशल्ये आणि उपलब्ध कामे यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. ते तसे असेलही. पण टीसीएसचे यंत्र पार्क आमच्या पोखरण रोड क्रमांक २ वर आहे. त्या आठवड्यात भाजीवाल्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत सगळीकडे एकच चर्चा होती आणि कंपनीने दिलेल्या खुलाशावर विश्वास ठेवणारे मला फारसे कोणी भेटले नाही. अशा हवेत दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या एचआरने ‘एआय तुमचा सहकारी आहे’ म्हणून सांगितले तर ऐकणारा मान डोलावतो आणि रात्री गुपचूप बायोडेटा अद्ययावत करतो. तोंडी आश्वासनांचे दिवस गेले. लिहून द्यावे लागेल.

लिहून देता येते, हे इतरांनी दाखवले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-मालिकांच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला आणि करारात एआयबद्दल स्पष्ट कलमे मिळवली. लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करता येणार नाही, आणि त्याला दिलेल्या मजकुरात एआयने तयार केलेले काही असेल तर ते आधी सांगावे लागेल. कंपनीच्या संमतीने लेखकाला एआय वापरायला मात्र मुभा आहे. म्हणजे करारात यंत्रावर सरसकट बंदी नाही. यंत्र कोणाच्या हातात असेल, एवढेच त्यांनी ठरवून घेतले.

आपल्याकडे कायद्यातही याला जागा आहे, फक्त ती कोणी वापरत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तरतूद होती की ज्या तांत्रिक सुधारणेमुळे कपात होण्याची शक्यता आहे, ती करण्याआधी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यायची. हीच तरतूद औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये आली आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळा डगला येतो. पण कारकुनी काम करणाराही या व्याख्येत येतो. वातानुकूलित कचेरीत दावे तपासणाऱ्या त्या मुलीला हे ठाऊक नव्हते. तिच्या टीम लीडरलाही नसावे.

त्याच संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या कामगाराच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने त्यात भरायची आणि ती कामगाराला मिळायची. हेतू चांगला आहे. पण हा निधी जागा होतो तो नोकरी गेल्यानंतर. नवे काम शिकायची गरज असते नोकरी असताना, आपले टेबल, आपले सहकारी, आपला पगार शाबूत असताना. घरी बसलेल्या माणसाला पंधरा दिवसांचे पैसे देऊन नवे कौशल्य शीक म्हणणे हे प्रशिक्षण नव्हे. सरकारला यात खरोखर काही करायचे असेल तर हा निधी कपातीच्या आधी खर्च होईल असा बदल करावा.

ज्यांच्याकडे संघटनाच नाही त्यांनी करार कोणाशी करायचा, असे मला विचारतात. प्रश्न बरोबर आहे. वागळेतल्या बऱ्याच कचेऱ्यांत निम्मी माणसे कंत्राटदाराची असतात, संघटना काढायची म्हटले तर दुसऱ्या दिवशी ओळखपत्र चालत नाही. तरीही संहितेत तक्रार निवारण समिती आहे, वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे ती असलीच पाहिजे, तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे आणि महिलांना जागा. तिथून सुरुवात करता येते. आणि प्रामाणिक व्यवस्थापकाला तर समितीचीही वाट पाहायचे कारण नाही. यंत्र बसवण्यापूर्वी त्या खात्यातल्या चार अनुभवी माणसांना बोलावून हे कुठे चुकेल म्हणून विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

काय लिहून द्यावे, यावर माझे मत ठाम आहे. यंत्राची सूचना माणसाने योग्य कारणाने फिरवली तर ती त्याच्या खात्यावर जमा व्हावी, वजा नव्हे. महिन्याच्या तक्त्यात पकडलेल्या चुका हा वेगळा रकाना असावा आणि तो सगळ्यात वर असावा. यंत्राच्या सूचनेवर विसंबून झालेल्या चुकीला एकटा तपासनीस जबाबदार नसावा, कारण त्याला एका दाव्यामागे किती मिनिटे द्यायची हे त्याने ठरवलेले नसते. शिकणे कामाच्या वेळेत व्हावे. आणि वाचलेल्या वेळाचा काही भाग कर्मचाऱ्याकडे यावा, मग तो पगारात असो, लवकर सुटण्यात असो किंवा त्या फोन करून खात्री करण्याच्या कामात असो. हे शेवटचे तर कंपनीच्याच फायद्याचे आहे. यातले काहीही अशक्य कोटीतले नाही. आमच्या बँकांनी १९८३ मध्ये याहून अवघड गोष्टींवर सह्या केल्या होत्या.

कर्मचाऱ्यांनाही माझे एक सांगणे आहे. साधन न शिकता त्याच्याविरुद्ध बोललात तर तुमचे कोणी ऐकणार नाही. ते नीट शिका, त्याच्या चुका तारीखवार वहीत लिहून ठेवा, कागदाची प्रत बाहेर न नेता, रुग्णाचे नाव न लिहिता, नुसता चुकीचा प्रकार. आमच्या वाटाघाटींत वजन यायचे ते अशा वह्यांमुळे. शेजारच्या मुलीला मी हेच सांगितले. तिने वही सुरू केली आहे. तिरक्या रेघेचा घोळ तिच्या पहिल्या पानावर आहे, आणि तो एका रुग्णालयापुरता नाही हे तिच्या एव्हाना लक्षात आले आहे.

पण मला सर्वात जास्त काळजी आहे ती पुढच्यांची. तिला ती रेघ ओळखता आली, कारण तिने कित्येक वर्षे हजारो कार्डे स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती. लागली तेव्हा तीही नवखी होती, रकाने भरायचे साधे काम करत करत शिकली. नेमके तेच साधे काम आता यंत्राकडे गेले आहे आणि त्या कचेरीत नव्या मुलांची भरती थांबली आहे. नऊने भाग जाणाऱ्या फरकाची खूण मलाही कोणत्या पुस्तकाने शिकवली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने शिकवली, आणि ते टेबल तिथे होते म्हणून शिकवली. ही मुलगी आणि तिच्या वयाच्या बाकीच्या आणखी वीस वर्षांनी निवृत्त होतील तेव्हा यंत्राची चूक ओळखणारे कोण उरेल?

म्हणून करारात एक कलम मी स्वतःच्या हाताने घालीन. यंत्र वाचते त्यातला ठरावीक हिस्सा नवख्या मुलामुलींनी आधी स्वतः वाचायचा, मग यंत्राचे उत्तर उघडायचे आणि दोन्ही शेजारी ठेवून अनुभवी माणसासोबत तपासायचे. त्यासाठी दर वर्षी काही नवी मुले पगारावर घ्यायची, यंत्र कितीही सुधारले तरी. कंपनी म्हणेल, हा खर्च आहे. आहेच. तीन तासांत दावा मंजूर करायचा आणि तो बरोबर मंजूर करायचा, याला तेवढा खर्च येतो. आयटीआय, बारावी, पदवी करून वर्तकनगर, लोकमान्यनगर, डोंबिवलीतल्या घरांत बसलेली मुले त्या जागांसाठी उद्या सकाळी अर्ज घेऊन येतील.